दहा मिलिलिटरचं माप

बायकोच्या हाडांचा अहवाल आला तेव्हा त्यात 'उणे दोन पूर्णांक तीन' असा आकडा होता. पुढचं मी वाचलंच नाही. मी वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक आहे. रिकामा काटा शून्याच्या खाली आकडा दाखवायला लागला की आम्ही जास्त चौकशी करत बसत नाही. काट्याला सील ठोकतो, दुकानदाराची सही घेतो आणि पुढच्या दुकानात शिरतो. इथे सील कुठे ठोकायचं आणि सही कोणाची घ्यायची, काहीच कळेना.

डॉक्टरीणबाई मात्र शांत होत्या. "घाबरण्यासारखं काही नाही," त्या म्हणाल्या. "पाळी थांबल्यावर बायकांची हाडं जरा भराभर झिजतात. यांची थोडी जास्त झिजली आहेत, एवढंच. पण रक्तातलं डी व्हिटॅमिन अकरा आहे, ते निदान तीस तरी हवं. आठवड्याला एक कॅप्सूल, बारा आठवडे. चालायचं, ऊन घ्यायचं, नीट जेवायचं. आणि पडायचं नाही."

शेवटची सूचना त्यांनी 'छत्री विसरू नका' म्हणावं इतक्या सहज दिली.  माझ्या सासूबाई अशाच एकदा न्हाणीघरात पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं, आठ महिने अंथरुणावर होत्या, आणि त्या अंथरुणावरून उठल्याच नाहीत. त्यांचं सगळं हिनेच केलं. त्यामुळे 'उणे' हा शब्द ऐकल्यावर आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर एकच खाट उभी राहिली. आम्ही ते एकमेकांना सांगितलं नाही.

हिने डॉक्टरांना फक्त एक गोष्ट विचारली. "माझी मुलगी साडेतीन महिन्यांनी बाळंत होणार आहे. मला बाळाला उचलता येईल ना?"

नेमका तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला. त्या फोन कानाला लावता लावता म्हणाल्या, "बारा आठवड्यांनी रक्त तपासू, मग बोलू."

आता 'मग बोलू' याचा अर्थ काय? सरकारी नोकरीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला तो कोणी समजावून सांगायला नको. 'मग बोलू' म्हणजे 'नाही'. आकडा वर येईपर्यंत बाळाला हात लावायचा नाही, असा मी निकाल लावून टाकला आणि रिक्षात बसता बसता हिला तो कळवला. ही घर येईपर्यंत रिक्षाबाहेर बघत राहिली. 

त्याच संध्याकाळी मी कामाला लागलो. नवी वही काढली, समास आखले आणि पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'अस्थी नोंदवही.'

"अहो, अस्थी नका लिहू," ही मागून वाचत म्हणाली. "मी अजून इथेच आहे."

मी ते खोडून 'हाडांची वही' असं लिहिलं. पहिल्याच पानावर खाडाखोड झाली, हे माझ्या मनाला फार लागलं.

कॅप्सूलचं वेळापत्रक मी अगदी शास्त्रशुद्ध केलं होतं. आमच्या खात्याचा पहिला नियम असा की वजन करण्याआधी पारडं पुसून कोरडं करायचं. पारड्यात कालचा कचरा असला तर आजचं वजन खोटं. पोटाचंही तसंच असणार. म्हणून दर रविवारी सकाळी सहा वाजता, अनशापोटी, कपभर कोमट पाण्याबरोबर कॅप्सूल. त्यानंतर दोन तास काहीही खायचं नाही. आठ वाजता कोरडा पाव आणि साय काढून काढून पाण्यासारखं झालेलं दूध. बारा रविवार मी गजर लावून उठलो आणि एकही रविवार चुकवला नाही. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे माझ्यावर निष्काळजीपणा सोडून बाकी सगळे आरोप झाले.

सायीवरून आठवलं, आमच्या घरच्या तेलाबद्दल सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी कचेरीत माझ्या छातीत दुखलं होतं. तपासणीत हृदय ठणठणीत निघालं, दुखत होता तो स्नायू. पण त्याच कागदावर माझं कोलेस्टेरॉल मर्यादेला टेकलेलं होतं, आणि मी त्या मर्यादेची धास्ती घेतली. खात्याने मोडीत काढलेलं दहा मिलिलिटरचं पितळी माप, तळाला सरकारी शिक्का असलेलं, मी रीतसर अर्ज करून घरी आणलं. तेव्हापासून आमच्या घरात दोन माणसांना दिवसाचं तेल दहा मिलिलिटर. सकाळी मी ते भरून ओट्यावर ठेवतो आणि कचेरीला जातो. लोणी बंद, साय बंद, शेंगदाणे बंद, अंड्यातला पिवळा भाग शेजारच्या मांजराला. सहा वर्षांत मांजराच्या अंगावर तकाकी आली. आमच्याकडे पाहुणे येईनासे झाले, पण शिस्त म्हटली की थोडं सोसावं लागतं.

हाडांच्या वहीची बातमी इमारतीत पसरायला दोन दिवस पुरले. पहिल्या आल्या त्या खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका. या बाई कुणालाही सल्ला देताना समोरचा सहावीत आहे असं धरून चालतात. त्यांनी दोन डबे आणले होते. एकात 'सर्व व्हिटॅमिन एकत्र' अशा लाल गोळ्या, दुसऱ्यात त्याच तऱ्हेच्या पिवळ्या.

"दोन्ही द्यायच्या," बाई म्हणाल्या. "एकीत जे राहून गेलं असेल ते दुसरीत असतं."

हे मला पटलं. आमच्याकडेही वजन दोनदा करतात.

"आणि जड उचलू देऊ नका. माझ्या ओळखीच्या एकीने पाण्याची बादली उचलली आणि मणका चेपला. आता बिचारी वाकून चालते."

त्या गेल्यावर मी दार लावून तिथेच उभा राहिलो. बादली म्हणजे आठ-नऊ किलो. सुरक्षिततेसाठी त्याचं निम्मं केलं, मनाला स्वस्थता वाटेना म्हणून परत निम्मं केलं, आणि दोन किलोवर थांबलो. दाराजवळच्या खुंटीला माझा जुना ताणकाटा टांगला. घरातली प्रत्येक वस्तू हिने हातात घेण्याआधी त्याला लावायची. भाजीची पिशवी बाद. ओले कपडे बाद. तुळतुळीत पानांची तिची लाडकी कुंडी दोन किलो शंभर ग्रॅम भरली. ती म्हणाली, "थोडी माती काढते." मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम." कुंडी मी स्वतः हलवायला लागलो आणि तिसऱ्या दिवशी फोडली.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. पण चालताना माणूस पडू शकतो. म्हणून मी तिचं चालणं दिवाणखान्यात आणलं. खुर्चीपासून कपाटापर्यंत अकरा पावलं, मध्ये गालिचा नाही, बाजूला मी. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "अहो, मला कैद्यासारखं वाटतं." मी तिला समजावलं की कैद्यांना एवढी देखरेख मिळत नाही.

राहता राहिलं ऊन. आमच्या खिडक्या शेजारच्या भिंतीकडे तोंड करून आहेत, त्यामुळे ऊन फक्त गच्चीवर, आणि गच्चीला कुलूप. किल्ली समितीच्या सचिवांकडे. हे गृहस्थ टपालखात्यातून निवृत्त झाले आहेत, पण टपालखातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही.

"कारण?" त्यांनी अर्जावर पेन टेकवत विचारलं.

"ऊन."

"उन्हाचं काय?"

"घ्यायचं आहे."

"ऊन ही सामायिक बाब आहे," ते म्हणाले. "एकाला दिलं की उद्या सगळे मागतील."

मग डॉक्टरांचं पत्र, तीन सभासदांच्या सह्या आणि गच्चीवर कपडे वाळत घालणार नाही असं हमीपत्र, एवढं झाल्यावर सतराव्या दिवशी परवानगी मिळाली. मंगळवार आणि शुक्रवार, अकरा ते साडेअकरा; कचेरीत मी त्या दोन दिवशी अर्धी रजा टाकायला लागलो. पहिल्या मंगळवारी आम्ही खुर्ची घेऊन गेलो तर बरोब्बर अकरा ते साडेअकरा पाण्याच्या टाकीची सावली सगळ्या मोकळ्या जागेवर पडते असं आढळलं. सचिव म्हणाले, "वेळ बदलायची तर नवा अर्ज." आम्ही टाकीच्या मागे, कठड्याला चिकटून उभे राहून ऊन घ्यायला लागलो.

त्यापुढच्या शुक्रवारी साडेअकराच्या ठोक्याला सचिव वर आले. टाकीच्या मागे आम्ही त्यांना दिसलो नाही. आवाज देण्याची त्यांच्याकडे पद्धत नाही, कुलूप लावण्याची आहे. ते कुलूप लावून गेले.

माझा फोन खाली चार्जिंगला होता. हिचा मी आणू दिला नव्हता. वजनामुळे नव्हे, फोन वाजला की ती घाईने उठते म्हणून. मी दारावर धक्के मारले. कठड्यावरून ओरडलो. खाली मुख्याध्यापिका पिशवी घेऊन चालल्या होत्या. त्यांनी मान वर करून हात हलवला आणि ओरडल्या, "छान! भरपूर घ्या!"

रखवालदार टाकी बघायला किल्ली घेऊन वर येईपर्यंत दीड तास आम्ही तिथे होतो. मी घामाघूम होऊन सावलीत बसलो होतो आणि ही मात्र भराभर फेऱ्या मारत होती. मी "हळू, हळू" म्हणत होतो. कितव्यातरी फेरीला ती माझ्यासमोर थांबली. गाल लाल झाले होते आणि कितीतरी दिवसांनी ती मला आजारी वाटली नाही.

"मी तिच्याकडे जाणार आहे," ती म्हणाली. "आणि बाळाला मी घेणार आहे."

"आकडा वर आला तर."

"नाही आला तरी."

"आणि पडलीस तर? हातात बाळ असताना पडलीस तर?"

हे मी बोलायला नको होतं. तिचा चेहरा एकदम उतरला. तिलाही रात्रंदिवस हेच वाटत होतं, हे मला त्या वेळी दिसलं. ती माझ्याशेजारी बसली आणि नंतर एकही फेरी मारली नाही. मला स्वतःचा राग आला, पण तो दोन किलोच्या नियमावर काढावा असं काही सुचलं नाही.

त्या शुक्रवारनंतर माझी भीती जास्तच वाढली आणि मी न्हाणीघराकडे वळलो. सासूबाईंचं सगळं न्हाणीघरात सुरू झालं होतं. मी भिंतीला धरायचा दांडा बसवायचं ठरवलं. प्लंबरने दांडा बसवला, सिमेंट लावलं आणि "दोन दिवस हात लावू नका" असं बजावून गेला. पण दुसऱ्याच दिवशी मला शंका आली. चाचणी न घेता कुठलंही उपकरण वापरात आणायचं नाही, ही आमची शपथ आहे. मी दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळलो.

दांडा आला. त्याच्यामागून दोन फरशा आल्या. त्यांच्याखाली मी होतो.

मी जोरात ओरडलो असणार, कारण ही धावत आली. धावत! माझ्या अंगावरच्या फरशा तिने बाजूला केल्या, गुडघ्यांत वाकली, माझ्या काखेत हात घातले आणि मला उचलून स्टुलावर बसवलं. माझं वजन चौऱ्याहत्तर किलो आहे. चौऱ्याहत्तर! दोनाच्या मर्यादेत ते कुठल्या रकान्यात लिहायचं? मी त्या दिवशी वहीत फक्त 'दांडा नापास' एवढंच लिहिलं. माझ्या ढोपराचा आणि कमरेचा एक्स-रे काढला. तो बघून तंत्रज्ञ म्हणाला, "साहेब, तुमची हाडं मस्त आहेत." मला इतकं ओशाळं कधी वाटलं नव्हतं.

बारा आठवडे संपले. रक्त दिलं. अहवाल आला. मी पाकीट दारातच फोडलं. डी व्हिटॅमिन तेरा.

अकराचे तेरा. बारा पहाटे, बारा कॅप्सूल, सतरा दिवसांचा अर्ज, दोन फरशा, एक कुंडी, आणि वाढ दोन. मी कागद हिच्याकडे दिला. हिने आकडा वाचला, कागदाची घडी घातली आणि आत गेली. थोड्या वेळाने मी डोकावलो तर ती बाळासाठी विणलेली टोपी कपाटात सगळ्यात खाली, पाहुण्यांच्या चादरींच्या मागे ठेवत होती. मी तसाच मागे फिरलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर मी वही ठेवली. चुकलं असेल तर औषधाचं चुकलं आहे, आमच्या नोंदी चोख आहेत, अशा थाटात.

डॉक्टरांनी दोन पानं उलटली. "कॅप्सूल सकाळी सहाला? उपाशीपोटी?"

"दर रविवारी," मी म्हणालो. "पोट स्वच्छ असताना."

"आणि पाण्याबरोबर."

"कोमट."

"आणि नंतर साय काढलेलं दूध." त्यांनी चष्मा काढला. "अहो, हे व्हिटॅमिन चरबीत विरघळतं. जेवणात थोडं तेल, लोणी, दाणे, काहीतरी स्निग्ध असेल तर ते अंगी लागतं. दिवसातल्या मोठ्या जेवणाबरोबर घ्यायचं असतं ते. आणि या लाल-पिवळ्या गोळ्या कोणी सांगितल्या? दोन्हींत अ व्हिटॅमिन आहे. ते गरजेपेक्षा जास्त साठत गेलं तर हाडांना उलट त्रास होऊ शकतो. बंद करा दोन्ही. कॅप्सूल पुन्हा बारा आठवडे, पण जेवणाबरोबर, मग रक्त बघू." मग त्यांनी हिच्याकडे वळून विचारलं, "तुमच्याकडे जेवणात तेल किती असतं?"

ही माझ्याकडे बघायला लागली.

"दहा मिलिलिटर," मी म्हणालो.

"माणशी?"

"दोघांत."

"अंदाजे ना?"

"अंदाजे नाही," माझ्यातला निरीक्षक बोलून गेला. "शिक्क्याचं माप आहे."

डॉक्टरांनी वहीचं पुढचं पान उलटलं. 

"आणि हे दोन किलो काय आहे?"

मी नियम समजावून सांगितला. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला.

"हाडांना वजन लागतं," डॉक्टर म्हणाल्या. "भार पडला नाही तर ती आणखी झिजतात. बाहेर चाला, जिने चढा, पिशव्या उचला. फक्त कमरेतून वाकून हिसका द्यायचा नाही, गुडघ्यांत वाकायचं."

"डॉक्टर," ही पुढे सरकून म्हणाली, "बाळ साधारण तीन किलोचं असेल."

"मग घ्या की. मी नाही कधी म्हटलं?"

हिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

रिक्षा न करता आम्ही चालत निघालो. तिनेच तसं ठरवलं.  दोन चौकांनंतर मला राहवलं नाही.

"सहा वर्षं तू ते बेचव खाल्लंस. एकदाही बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं?"

"की हे कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, कोणीच नाही."

ती चालायची थांबली. "तुम्ही रोज सकाळी माप भरायचात ना, तेव्हा तुमचा हात थरथरायचा. पहिल्या वर्षी तर रोज. माप भरून झालं की तुमचा चेहरा जरा सैल व्हायचा. मला वाटलं, एवढ्याने यांची भीती जात असेल तर जाऊ दे. जेवणाचं काय, कसंही जातं."

 मी सहा वर्षं तेल मोजत होतो आणि ही मला बघत होती. ते तेल तिच्या हाडांतून कापलं जात होतं हे दोघांनाही माहीत नव्हतं, पण माझ्या भीतीखातर ती जेवली होती, हे तिला माहीत होतं आणि मला नव्हतं.

"आता मला भीती वाटते," ती म्हणाली. "आईसारखं होईल अशी. खूप वाटते. पण मी माप भरत बसणार नाही. आता माझं ऐका."

घरी येऊन मी ताणकाटा खुंटीवरून काढला. पितळी माप उचलायला गेलो तर ती म्हणाली, "ते राहू दे." त्या दिवशी तिने कढईत सरळ बाटलीतून तेल ओतलं आणि अंडी पिवळ्या भागासकट फोडली. मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो, कारण माझ्याच्याने बघवेना. पण वास आला तसा बाहेर आलो आणि दोनदा वाढून घेतलं. शेजारचं मांजर दारात बसून राहिलं आणि रागाने निघून गेलं. कॅप्सूल तिने जेवताना घेतली.

मुलगी आठ दिवस आधीच बाळंत झाली. फोन आला तशी हिने कपाट उघडून चादरींच्या मागून टोपी काढली. आम्ही पोचलो तेव्हा नर्स बाळाला वजनकाट्यावर ठेवत होती. तीन किलो एकशे पन्नास. काट्याच्या कोपऱ्यातला समपातळीचा बुडबुडा मध्यावर नव्हता, माझ्या लगेच लक्षात आलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी असा काटा पाहून तोंड उघडलं नाही.

"आई, घेतेस ना?" मुलगी पलंगावरून म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं, कारण वहीबद्दल तिला सगळं माहीत होतं. "बाबा?"

हिने उत्तराची वाट पाहिली नाही. पाय जरा फाकवून उभी राहिली, गुडघ्यांत वाकली, हात पुढे केले. रक्ताचा नवा आकडा यायला अजून दहा आठवडे होते. हाडं तर अजून उणे दोन पूर्णांक तीनच होती, ती अशी पंधरा दिवसांत भरून येत नाहीत, हे मला पाठ होतं. नर्सने बाळ तिच्या हातांत दिलं. ती सरळ उभी राहिली, आणि मला कळायच्या आत माझे दोन्ही हात तिच्या हातांखाली जाऊन ओंजळीसारखे थांबले होते.

बाळाने तोंड वाकडं केलं. ती हसली. मग माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाली, "अहो, हात काढा."

मी हात काढले. पण खिशात नाही घातले.